तपकिरी उमटेपर्यंत

भात कापायला आलं, की लोकांना पेंढ्याचा वास येतो म्हणे. मला झायलीनचा येतो. झायलीन म्हणजे आमच्या लॅबमधलं मेण विरघळवायचं औषध; झाकण उघडलं की सरळ कपाळात जातं. आज सकाळी वडप्याला माहेरच्या मागच्या दारात उभी होते. समोर गोडाउनची निळी पत्र्याची भिंत, भिंतीच्या पायाशी आमचं उरलेलं एवढंसं शेत, पिवळं धमक, आणि माझ्या नाकात तो वास. मी नाक चोळलं तसा माझा धाकटा भाऊ विनोद म्हणाला, "सर्दी झाली काय गं ताई?" म्हटलं, "हो बाबा, झाली." चहाच्या आधी याला कुठं सगळं सांगत बसू?

मी ठाण्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. राहते भिवंडीत, सासरी. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. लग्न होऊन आले तेव्हा त्या खटखटीनं डोळ्याला डोळा लागायचा नाही. आता शुक्रवारी लूम बंद असले की दुपारची झोप मोडते. काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, कापते आणि रंगवते. सासरच्या एका आत्याबाईंनी एकदा विचारलं, "कापड का गं? कुठल्या डाइंगला?" भिवंडीत माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार! मी म्हटलं, "नाही आत्या, मेंदू." तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा जरा विचार करूनच घेतात.

पण काम तेच आहे. डॉक्टरांनी सुईनं काढलेला मेंदूचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून आमच्याकडे येतो, शेवग्याच्या बीपेक्षाही लहान. त्याचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद उचलायचे. मग मेण घालवायचं. मग चक्क प्रेशर कुकरमध्ये उकळायचे. हसू नका, खरा कुकर आहे, आणि लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी त्यात वरण शिजतंय का बघतात. उकळल्यावर आखडून बसलेली प्रथिनं मोकळी होतात, आणि मग खरी मजा सुरू होते. प्रत्येक पेशीजवळ तिची ओळख सांगणारी काही प्रथिनं असतात. त्यांना आम्ही मार्कर म्हणतो. एकेका मार्करला हुडकून त्यालाच चिकटणारं एकेक द्रव असतं, ते थेंबाथेंबानं सोडायचं, धुवायचं, थांबायचं. शेवटी जिथं तो मार्कर असेल तिथं तपकिरी उमटतं. नसेल तिथं नुसता निळा.

आणि शेजारी नेहमी टॉन्सिलचा एक काप ठेवायचा. कुणाच्या तरी घशातून काढलेला, ज्यात काय आहे ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे असा. टॉन्सिलवर तपकिरी आलं तरच पेशंटच्या कापावर काय आलं आणि काय नाही आलं त्यावर विश्वास ठेवायचा. टॉन्सिल कोरा निघाला तर सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या प्रमुख डॉक्टर, यात कुणाची गय करत नाहीत. स्वतःचीही नाही.

काही वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आईचं काहीतरी बिनसलं. माझी आई म्हणजे चिखलात डोळे मिटून सरळ ओळ लावणारी बाई. जमीन गोडाउनला गेली, घराला टाईल्स आल्या, दारात विनोदची गाडी आली, तरी त्या भिंतीमागच्या तुकड्यात ती दरवर्षी भात लावायचीच. विनोद म्हणायचा, "आई, दुकानात मिळतो तांदूळ." ती म्हणायची, "तुला पन दुकानातना आनला असता तं बरा जाला असता." त्या वर्षी ती लावलेली रोपं उपटून पुन्हा तिथंच लावत होती. लावायची, बघायची, उपटायची. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग एक दिवस ती शेतातून घरी येताना गोडाउनच्या फाटकाशी थांबली आणि तिथल्या वॉचमनला विचारलं, "आमचा घर कुठं हाय?" तो जौनपूरकडचा माणूस, आमच्या दारात बसून कितीदा जेवलेला. तिचा हात धरून घरी घेऊन आला, आणि आम्हाला म्हणाला, "माताजी रास्ता भूल गईं." विनोदनं त्याला पाणी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी आईला डॉक्टरांकडे नेलं.

फोटो काढला. डोक्याचा एमआरआय. मेंदूत डाग. डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या. एक, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर मेंदूत येऊन बसलाय. किंवा मग मेंदूचेच राखणदार खवळलेत आणि घरातच धुमाकूळ घालतायत, म्हणजे नुसती सूज. दोन्हींची औषधं वेगळी, दोन्हींचं पुढचं आयुष्य वेगळं. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सुईनं तुकडा काढायचा आणि मार्करना विचारायचं. हे ऐकताना विनोद माझ्याकडे बघत होता. "म्हणजे तुमच्याकडेच येणार ना ते?" मी मान हलवली. घाबरले मीही होते, पण धाकट्या भावासमोर ते दाखवायची आपल्यात पद्धत नाही.

तारीख मिळेपर्यंत गणपती आले, गौरी आल्या, आणि आई चक्क सुधारायला लागली. मीठ बरोबर. वाट बरोबर. गौरीच्या भाकऱ्या स्वतः थापल्या आणि दोन जास्तच खाल्ल्या. जो येईल तो म्हणायचा, चेहरा कसा भरलाय हिचा! विनोद तर म्हणाला, सुई रद्दच करू. पण डाग तर होता ना डोक्यात. शेवटी नवरात्राच्या आधी तुकडा काढला, आणि मेणाची ती वडी खरंच आमच्या लॅबमध्ये आली.

मॅडमनी मला आत बोलावलं. "तू करणार की दुसऱ्या कुणाला देऊ?"

"मीच करते."

"हात कापला तर?"

"नाही कापणार."

नाही कापला. त्याचं मला अजून नवल वाटतं. स्वयंपाकघरात साधी दुधी चिरताना माझं बोट कापतं. त्या दिवशी आईच्या डोक्यातला तो कण माझ्या सुरीखालून पापुद्र्यासारखा निघत होता, आणि मनात एकच येत होतं, की ही बाई मला कधी केससुद्धा विंचरू द्यायची नाही, म्हणायची तुझा हात जड.

मेंदूच्या तुकड्यात कोण कोण आहे ते शोधणं भलतं किचकट असतं. तिथं मायक्रोग्लिया नावाचे कायमचे राखणदार असतात, बारीक बारीक हात पसरून बसलेले. त्यांचा एक मार्कर आयबा-वन. तो लावला की ते सुंदर दिसतात, पण पंचाईत अशी, की रक्तातून आत आलेल्या सफाईवाल्या पेशीही त्यानंच रंगतात. म्हणून मॅडम टीमेम-११९ नावाचा दुसरा मार्कर लावतात. तो फक्त घरच्यांवर उमटतो. पण घरावर संकट आलं, की घरचे राखणदार हात आखडून गोल होतात, सफाईला लागतात, आणि हा मार्कर अंगावरून गळून पडतो. मग काचेखाली घरचा कोण आणि आलेला कोण, काही कळत नाही. विनोदला मी हे एकदा सांगितलं होतं. तेव्हा तो बाहेरच्या लोकांनी कशी गर्दी केलीय यावर तावातावानं बोलत होता, आमच्याच गोडाउनच्या सावलीत खुर्ची टाकून. मी म्हटलं, "आणि ऐक, ते घरचे म्हणतात ना, तेही मुळात बाहेरचेच. बाळ पोटात इवलंसं असताना शेजारच्या एका पिशवीतून चालत येतात मेंदूत, आणि मग तिथलेच होतात." तो म्हणाला, "तुझ्या लॅबचं तू लॅबमध्ये ठेव."

आईच्या कापावर आयबा-वन भरभरून आला. सीडी-६८ म्हणून सफाईवाल्यांचा मार्कर आहे, तोही काचभर तपकिरी. टीमेम जवळजवळ नाहीच. आणि ज्याची भीती होती तो सीडी-२०, कॅन्सरच्या त्या पेशी दाखवणारा, तो इथं एक ठिपका, तिथं एक ठिपका, एवढाच. शेजारी टॉन्सिल मात्र लख्ख तपकिरी. म्हणजे रंग चुकला नव्हता. कॅन्सर दिसत नव्हता.

मी विनोदला फोन केला आणि रडले. तो पडघ्याला होता, तिथूनच पेढे घेऊन आला. आईनं पहिला पेढा वॉचमनला नेऊन दिला. घरात अगदी सणाचं वातावरण. मीही दोन पेढे खाल्ले, खोटं कशाला बोलू. पण लॅबमधून निघताना मॅडम मला एक प्रश्न विचारून गेल्या होत्या आणि तो डोक्यातून जात नव्हता. "तिला आधी कुणी स्टिरॉइड दिलं होतं का गं? विचार घरी."

मी विचारलं. आई म्हणाली, "कसली गोली न्हाय घेतली मी. तुमच्या डॉक्टरची पन न्हाय." विनोद म्हणाला, "तुला आनंद बघवत नाही का?"

दसरा झाला आणि भात कापायला आलं. सुट्टी काढून मी वडप्याला गेले. ऑक्टोबरचं ते ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही, पत्र्याच्या भिंतीवरून ऊन उलटून अंगावर येतंय. आणि आई शेतात उकिडवी बसून कापत होती. सरसर पुढं सरकत, विळा फिरवत, मूठ मागं टाकत. मी बांधावर उभी राहून बघत राहिले. आदल्या वर्षी हिला गुडघ्यांमुळे आरतीला खाली बसता येत नव्हतं. खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आता बेडकासारखी बसलीय. तो भरलेला गोल चेहरा. त्या दोन जास्तीच्या भाकऱ्या. मॅडमचा प्रश्न आठवला. स्टिरॉइडनं चेहरा असाच भरतो, भूक अशीच वाढते.

"आई, गुडघे काय म्हणतात?"

"मस बरा हाय आता," ती विळा न थांबवता म्हणाली. "रुकय्यानं पुडी दिली ना."

रुकय्यामावशी म्हणजे आईची भिवंडीतली मैत्रीण. तिच्या घरचे लूम, तिच्या दारात आई पूर्वी भाजीची पाटी घेऊन जायची, आणि भाजी विकून झाली तरी दोघी ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्या दोघींत एक रीत होती. एकीला जे मिळेल त्यातलं अर्धं दुसरीचं. ईदचा शिरखुर्मा, आमच्याकडचे नवे पोहे, खाडीचे निवटे मासे, लेकीनं आणलेली साडीसुद्धा एकदा दोघींत फिरली होती. मावशीचेही गुडघे दुखायचे. तिच्या कुणी ओळखीच्यानं बाजारातल्या एका माणसाकडची झाडपाल्याची पुडी आणून दिली, आणि मावशीनं तिचे सरळ दोन भाग केले. मैत्रिणीनं हातावर ठेवलेल्याला औषध कसं म्हणायचं? त्यामुळे आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुडी तपासायला दिली. झाडपाल्यात स्टिरॉइड निघालं. मॅडमनी मला समोर बसवून समजावलं, जे मला ठाऊक होतं तेच. त्या कॅन्सरच्या पेशी स्टिरॉइडनं भराभर विरघळतात. डाग फिका होतो, माणूस शुद्धीवर आल्यासारखा वागायला लागतो. सुई घातली तर हाताला लागतात फक्त सफाईवाले. लग्न आटोपल्यावर मांडवात जावं तसं. वऱ्हाड गेलेलं असतं, भांडी घासणारे तेवढे दिसतात. पण ते वऱ्हाड गेलेलं नसतं. परत येतं. किंवा, मॅडम म्हणाल्या, खरंच नुसती सूजही असेल. आज सांगता येणार नाही.

"मग?"

"स्टिरॉइड हळूहळू उतरवायचं. मग थांबायचं. डाग पुन्हा वर आला की पुन्हा सुई."

म्हणजे जी बाई शेतात बसून भात कापतेय तिच्या तोंडचं सुख काढून घ्यायचं, आणि आजार परत येण्याची वाट बघायची. आलाच तर पटकन यावा अशी वाट बघायची. हे घरी जाऊन सांगायचं होतं मला.

विनोद जो भडकला! पडवीत भाताचे भारे रचलेले, त्यांच्याजवळ उभा राहून ओरडत होता. "पुडीनं बरं वाटतंय ना तिला? मग देऊ की पुडी! ढीगभर आणतो! तू तिला हातानं आजारी पाडणार? तुझी काच बरोबर यावी म्हणून?" मीही काही कमी बोलले नाही. म्हटलं, "पुडीनं मरेल ती, मूर्खा, हसत हसत मरेल!" म्हटलं आणि माझीच जीभ चावली, कारण आई दारात उभी होती. हातात चहाची ताटली. तिनं ती खाली ठेवली. आम्हा दोघांकडे आलटून पालटून बघितलं, लहानपणी भांडलो की बघायची तसं.

"काय हाय त्या कोनालाच म्हाईत न्हाय ना?" तिनं मला विचारलं.

"नाही आई."

"मंग कच्चा कापतंव कशाला? पिकूं दे त्याला. वर येऊं दे. दिसला का मंग कापू." आणि विनोदला म्हणाली, "चाय घे. थंडी जाली तं परत करनार न्हाय मी."

ठरलं ते असं. डॉक्टरांनी पुडीऐवजी मोजक्या गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी करत आणल्या, कारण एकदम बंद केलं तर शरीर कोसळतं. त्या गोळ्या उतरत गेल्या आणि तो ऋतू चढत गेला. मला तो दिवसांनी आठवत नाहीच, कामांनी आठवतो. कापणी संपली, झोडणी झाली, खळ्यावर भाताची धूळ उडून सगळ्यांचे हात खाजायला लागले. पेंढा रचला. मोकळ्या शेतात ओल होती तोवर आईनं वाल पेरले. पेरताना अजून सगळं ठीक होतं. वाल उगवून दोन पानांवर आले तेव्हा तिचे गुडघे परत दुखायला लागले. वेलाला शेंडा फुटला तेव्हा ती विळ्याला काय म्हणतात ते विसरली. "ता काय ता... कापाचा," असं म्हणून हवेत हात फिरवत राहिली, आणि मग स्वतःवरच हसली. मी पण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

रुकय्यामावशी दर एक दिवसाआड यायची. भिवंडीहून रिक्षा बदलत, दुखऱ्या गुडघ्यांनी. तिचीही पुडी आम्ही डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद करवली होती. पहिल्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली, आत पाऊल घालेना. "मीच दिली ना गं ती पुडी. अल्ला, मेरे हाथ से हुआ." मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "तिकरं काय उभी रेली? आत ये, पाय धू." मग दोघी भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या. चार गुडघे ओळीनं, चारही सुजलेले. मावशी प्रत्येक वेळी येऊन तीच बसण्याची जागा धरायची, आईच्या हाताला तेल चोळायची आणि लूमवर कोण सुट्टीवर गेलं, कुणाची सून भांडली ते सांगत राहायची. आई एकाच गोष्टीला तीनदा "खरंच?" म्हणायची. मावशी तीनही वेळा नव्यानं सांगायची. माझ्या अंगात तेवढा धीर नव्हता. मी दुसऱ्याच वेळी चिडायचे.

मधे एकदा आईला गणेशपुरीला जायचं होतं. तिचं माहेर त्या बाजूचं. एसटीनं गेलो. डिसेंबरची कोवळी थंडी, रस्त्याच्या कडेला कापलेल्या शेतांत नुसते खुंट, मधेच वालाची हिरवी चौकट. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून ती बसली आणि लहानपणी इथं कोण कोण अंघोळीला यायचं, कोण घसरून पडलं, कुणाचं धोतर वाहून गेलं, सगळं सांगत सुटली. एक शब्द अडला नाही. वाफेत तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, झालं, सूजच होती, आपोआप गेली, मी मोकळी झाले. तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बेबी, आई रागवंल गं, घरा चल." बेबी म्हणजे तिची धाकटी बहीण. कधीच वारलेली. मी म्हटलं, "चल." तिचा हात धरून एसटी स्टँडवर नेलं. त्या दिवशी मला मॅडमचा, मार्करचा, माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग आला, की वाटलं पुडीवाल्याचा पत्ता शोधून काढावा आणि पिशवीभर पुड्या आणाव्यात. विनोद बोलत नव्हता माझ्याशी. बोलायला हवं होतं असंही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही नसते बोलले.

वालाला पापडी धरली तेव्हा नवा फोटो काढला. डाग परत आला होता, पहिल्यापेक्षा ठळक. पुन्हा सुई. पुन्हा मेणाची वडी. मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही, वडी फक्त माझ्या टेबलावर ठेवली.

मी कापलं. पाण्यावर तरंगवलं. कुकर चढवला. द्रव सोडलं, धुतलं, थांबले. शेवटचं रंगाचं द्रव घातलं की बघताबघता रंग येतो, डोळ्यांनी दिसतो, सूक्ष्मदर्शकाची गरजच लागत नाही. शेजारच्या टॉन्सिलवर तपकिरी आलं. आणि मग आईच्या कणावर आलं. ठिपके नव्हेत, दाट, गर्द. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर रक्तवाहिनीभोवती कडी करून, थरावर थर, सगळे सीडी-२०. कसलाही संशय नाही.

"सापडला!" मी ओरडले. लॅबमधले सगळे वळून बघायला लागले. मला आनंद झाला होता. हे कसं सांगावं कळत नाही, पण झाला होता, खराखुरा, छातीत न मावणारा. माझ्या आईच्या डोक्यात कॅन्सर होता आणि मी काच हातात धरून नाचायची बाकी होते. मॅडमनी आत येऊन बघितलं, खुर्चीवर बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मात्र मी रडले ते थांबेचना.

उपचार लांबले. हॉस्पिटलात जायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं, घरी यायचं, उलट्या, पुन्हा जायचं. केस गेले. रुकय्यामावशीनं आपली एक ओढणी आणून डोक्याला बांधायला दिली, आणि आई त्या ओढणीत अगदी तिची बहीण दिसायची. वॉर्डातली नर्स दोघींत पेशंट कोण ते आधी विचारून घ्यायची. डाग विरत गेला. शब्द एकेक करून परतले, विळा परतला, मी परत मी झाले. पण तो भात कापणीपासून पापडीपर्यंतचा काळ मात्र तिच्या डोक्यातून साफ गेला. ती पडवी, ते भांडण, गणेशपुरी, काही नाही. त्या ऋतूला साक्षीदार आता आम्हीच, आणि आमचं एकमेकांशी जमत नाही.

विनोद नंतर बोलायला लागला. थट्टाच करतो. पाहुणे आले की सांगतो, "आमच्या ताईनं आईला आधी आजारी पाडलं आणि मग बरं केलं." सगळे हसतात. मीही हसते. पण प्रत्येक वेळी ते मला लागतं, आणि किती लागतं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. कारण तो थट्टेत बोलतो ते माझ्याही मनात असतं, रात्रंदिवस नसलं तरी असतं. मी थांबायला लावलं. तिनं होकार दिला होता, हे खरं. पण ज्या डोक्यानं दिला ते तेव्हाच आजारी होतं आणि आता त्याला आठवत नाही. मग तो होकार कुणाचा धरायचा?

आज चहा घेताना त्यानं परत तेच म्हटलं. कापायला आलेल्या मजुरांना सांगत होता. आई बांधावर बसून विळ्याला धार लावत होती. गुडघ्यांमुळे आता कापत नाही, पण धार दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. माझं काय बिघडलं कोण जाणे, मी पेला ठेवून तिच्यापाशी जाऊन बसले.

"आई, मी नाही थांबायला लावलं. तूच म्हणाली होतीस."

"काय म्हनली मी?"

मी सांगितलं. पडवी सांगितली, भारे सांगितले, चहाची ताटली. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कच्चा कापतंव कशाला, वर येऊं दे, दिसला का मंग कापू. सांगताना माझा आवाज फाटत होता. विनोद हसायचा थांबला होता. मजूरसुद्धा ऐकत होते.

आई बराच वेळ विळ्याच्या पात्यावर अंगठा फिरवत राहिली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. मग तिनं मान हलवली.

"न्हाय गो. कायच आठवत न्हाय मना."

"बरं," मी म्हटलं.

मी उठायला लागले तर तिनं मनगट धरलं आणि खाली बसवलं. विनोदकडे बघून म्हणाली, "पन म्हनली असन मी. ता बोलना माझाच हाय. तुम्हा दोगांना कुठं येतंय असा बोलाला?"